विश्लेषण : चेहरा ब्रूस लीचा, शरीर किमचे! मृत सुपरस्टारला पडद्यावर ‘जिवंत’ ठेवणारा कोरियन नट कोण होता? एआयच्या काळात त्याची आठवण का?

मोबाइलवर रील्स चाळता चाळता अचानक एखादा दिवंगत नट समोर येतो. आजच्या भाषेत बोलतो, नाचतो, हाणामारी करतो. व्हिडीओ अर्थातच ‘एआय’ने बनवलेला असतो. हॉलीवूडचे दिवंगत अभिनेते रॉबिन विल्यम्स यांची मुलगी झेल्डा हिने ऑक्टोबर २०२५ मध्ये ‘माझ्या वडिलांचे असे व्हिडीओ मला पाठवू नका’ अशी जाहीर विनंती केली. त्याच महिन्यात मार्टिन ल्यूथर किंग यांच्या वारसांच्या आक्षेपानंतर ‘ओपनएआय’ने ‘सोरा’ अ‍ॅपवर किंग यांचे व्हिडीओ बनवण्याची सोय थांबवली.

मात्र, गेलेल्या कलाकाराला पडद्यावर पुन्हा उभे करण्याचा खटाटोप एआयच्या खूप आधीपासून सुरू आहे. ब्रूस ली यांच्या मृत्यूनंतर पाच वर्षांनी, १९७८ मध्ये, त्यांचा ‘नवा’ चित्रपट प्रदर्शित झाला. पोस्टरवर नाव ब्रूस लीचे होते, पण बराचसा चित्रपट भलत्याच माणसाने केला होता. त्याचे नाव किम ताई-चुंग. दिवंगत कलाकाराच्या हक्कांवर आज जगभर चर्चा सुरू आहे. त्या चर्चेत या दुसऱ्या माणसाचा विषय मात्र फारसा निघत नाही. त्यामुळेच त्याची गोष्ट समजून घ्यायला हवी.

किम ताई-चुंग कोण होता?

किम हा दक्षिण कोरियाचा तायक्वांदोपटू. अंगकाठी ब्रूस लीसारखी, हालचाली चपळ आणि उंच किक मारण्यात हातखंडा. ‘गेम ऑफ डेथ’ या अपूर्ण चित्रपटासाठी ब्रूस लीचा डबल म्हणून त्याची निवड झाली. पुढे पडद्यासाठी त्याला जे नाव मिळाले, तेही त्याचे स्वतःचे नव्हते. तो ‘तांग लुंग’ या नावाने झळकला. १९७२ च्या ‘द वे ऑफ द ड्रॅगन’मध्ये ब्रूस लीने साकारलेल्या नायकाचे हे नाव. म्हणजे चेहरा, नाव आणि ओळख या तिन्ही गोष्टी किमला उसन्या मिळाल्या.

त्याचे चित्रपट हाताच्या बोटांवर मोजण्याइतकेच आहेत. त्यातले सर्वाधिक गाजलेले तीन ब्रूस लीशीच जोडलेले आहेत. ऑगस्ट २०११ मध्ये त्याचे निधन झाले.

‘गेम ऑफ डेथ’ अपूर्ण का राहिला?

ब्रूस लीने १९७२ च्या उत्तरार्धात या चित्रपटाचे काम सुरू केले. लेखन, दिग्दर्शन आणि मुख्य भूमिका सगळे त्याचेच होते. मूळ कल्पना अशी : कोरियातला एक पाच मजली लाकडी पॅगोडा, प्रत्येक मजल्यावर वेगळ्या युद्धकलेचा उस्ताद आणि एकेकाला हरवत वर चढणारा नायक. दक्षिण कोरियातील बोपजुसा या बौद्ध मठात असा पाच मजली लाकडी पॅगोडा खरोखरच आहे. बाहेरची दृश्ये तिथे चित्रित करण्याचा त्याचा बेत होता.

पॅगोडाच्या आतल्या मारामारीचा काही भाग हाँगकाँगमध्ये चित्रित झाला. पिवळा जंपसूट घातलेल्या ब्रूस लीसमोर सात फुटांहून उंच बास्केटबॉलपटू करीम अब्दुल-जब्बार उभा आहे, हे गाजलेले दृश्य याच चित्रपटातले. फिलिपिनी युद्धकलांचा उस्ताद डॅन इनोसांटो आणि कोरियाचा हापकिडो प्रशिक्षक जी हान-जे यांच्याशीही त्यात लढती आहेत.

तेवढ्यात ‘एंटर द ड्रॅगन’चा प्रस्ताव आला. मोठ्या अमेरिकी स्टुडिओचे काम असल्याने ‘गेम ऑफ डेथ’ बाजूला ठेवण्यात आला. ‘एंटर द ड्रॅगन’ पूर्ण झाला, पण तो चित्रपटगृहांत लागण्याआधीच २० जुलै १९७३ रोजी हाँगकाँगमध्ये ब्रूस ली यांचे निधन झाले. वय होते अवघे ३२. पुढच्याच महिन्यात ‘एंटर द ड्रॅगन’ अमेरिकेत झळकला आणि ब्रूस ली जगभर पोहोचला. निर्माते रेमंड चाऊ यांच्या ‘गोल्डन हार्वेस्ट’ कंपनीकडे आता जगातील सर्वात मागणी असलेल्या नटाचा अर्धवट चित्रपट होता, आणि नट हयात नव्हता.

चित्रपटाचे जोडकाम कसे झाले?

‘एंटर द ड्रॅगन’चेच दिग्दर्शक रॉबर्ट क्लाऊझ यांच्याकडे काम सोपवण्यात आले. मूळ कथा जवळपास टाकून देऊन नवी लिहिली गेली. बिली लो हा चित्रपट अभिनेता, त्याच्या मागे लागलेली गुन्हेगारी टोळी आणि सेटवर चित्रीकरणादरम्यान त्याला लागलेली खरी गोळी. बिली वाचतो, पण स्वतः मेल्याची बातमी पसरू देतो आणि चेहऱ्यावर शस्त्रक्रिया करून घेतो. नायकाचा चेहरा दृश्यागणिक वेगळा का दिसतो, याला कथेतच सबब मिळावी म्हणून केलेली ही सोय होती.

सुमारे १०० मिनिटांच्या या चित्रपटात ब्रूस लीने या चित्रपटासाठी केलेले चित्रीकरण जेमतेम ११-१२ मिनिटांचे आहे. उरलेल्या भागात जुन्या चित्रपटांतील तुकडे आणि डबल. मोठा गॉगल, खोटी दाढी, अंधार, पाठमोरे शॉट अशा युक्त्या वापरून किमचा चेहरा लपवला गेला. कसरतींच्या आणि कोलांट्यांच्या शॉटसाठी पुढे स्वतः स्टार झालेला युएन बियाओ होता. संवादांचा आवाज तिसऱ्याचाच. एका दृश्यात तर आरशावर ब्रूस लीच्या चेहऱ्याचे कागदी कापट चिकटवून त्याखाली डबलला बसवले आहे. आज ते दृश्य पाहून हसू येते.

एक गोष्ट मात्र हसण्यासारखी नाही. बिलीच्या ‘मृत्यू’च्या प्रसंगात ब्रूस ली यांच्या खऱ्या अंत्यदर्शनाचे चित्रण वापरले गेले. हाँगकाँगच्या रस्त्यांवर लोटलेली ती गर्दी खऱ्या शोकाने आली होती. तो शोक कथेतल्या खोट्या मरणासाठी कामी आला.

कोरियन नटच का?

हाँगकाँगच्या चित्रपटसृष्टीला सत्तरच्या दशकात कोरियन ‘किकर’ हवे असत. तायक्वांदो आणि हापकिडो या कोरियन युद्धकलांमध्ये पायांच्या तंत्रावर मोठा भर असतो आणि उंच, वेगवान किक कॅमेऱ्यात उठून दिसते. ‘द वे ऑफ द ड्रॅगन’मधला ह्वांग इन-शिक, ‘ड्रंकन मास्टर’मध्ये जॅकी चॅनसमोर खलनायक म्हणून उभा राहिलेला ह्वांग जांग-ली, ‘कॅसानोव्हा वाँग’ या नावाने ओळखला जाणारा किम योंग-हो ही त्यातली ठळक नावे. दोन्हीकडच्या कंपन्यांच्या संयुक्त निर्मितीही त्या काळात होत असत.

पण यातल्या बहुतेकांच्या वाट्याला खलनायकी, प्रतिस्पर्धी किंवा डबलचे काम आले. नायकपद हाँगकाँगच्या स्टारकडेच राहिले. किमची निवड या पार्श्वभूमीवर झाली होती. कौशल्य हवे होते, पण त्या कौशल्यामागचा चेहरा नको होता.

किमला स्वतःचा चेहरा कधी मिळाला?

१९८१ मध्ये ‘टॉवर ऑफ डेथ’ आला. काही देशांत तो ‘गेम ऑफ डेथ २’ या नावाने लागला. सुरुवातीच्या भागात जुन्या चित्रणाचे तुकडे जोडून पुन्हा ब्रूस ली दाखवला आहे. मग बिली लो मरतो आणि सूड घेण्यासाठी त्याचा भाऊ बॉबी पुढे येतो. बॉबीच्या भूमिकेत किम आहे, गॉगल आणि दाढीशिवाय.

शेवटच्या लढतीत त्याच्यासमोर ह्वांग जांग-ली आहे. दोन कोरियन नट, दोघेही पायांचे उस्ताद. मारामारीची रचना पुढे ‘द मॅट्रिक्स’साठी जगभर गाजलेल्या युएन वो-पिंग यांची. किमकडे किती क्षमता होती, हे इथे कळते. तरीही भूमिका ‘ब्रूस लीच्या भावाची’च राहिली. त्याच वर्षी त्याने एक कोरियन चित्रपटही केला, पण जगभरच्या प्रेक्षकांपर्यंत तो त्या चित्रपटामुळे पोहोचला नाही.

१९८६ च्या ‘नो रिट्रीट, नो सरेंडर’ या अमेरिकी चित्रपटात तो पुन्हा दिसला. तेव्हा फारसा कुणाला माहीत नसलेला जाँ-क्लोद व्हॅन डॅम यात रशियन खलनायक आहे. कथा सिअ‍ॅटलमध्ये घडते, कारण ब्रूस लीची कबर तिथे आहे. किशोरवयीन नायकाला शिकवायला ब्रूस लीचे भूत येते. ते भूत म्हणजे किम. या चित्रपटाने व्हॅन डॅमसाठी दारे उघडली. किमने मात्र चित्रपट सोडून व्यवसायाचा रस्ता धरला.

किम एकटाच होता का?

मुळीच नाही. ब्रूस लीच्या मृत्यूनंतर त्याच्यासारखे दिसणाऱ्या नटांचा बाजारच उभा राहिला. तैवानचा हो चुंग-ताओ ‘ब्रूस ली’शी मिळत्याजुळत्या नावाने, म्यानमारमध्ये जन्मलेला हुआंग किन-लुंग ‘ब्रूस ले’ म्हणून, तर कोरियाचा मून क्युंग-सोक ‘ड्रॅगन ली’ म्हणून विकला गेला. पोस्टरवर अक्षर-दोन अक्षरांचा फरक असे. एका चित्रपटात तर मृत ब्रूस लीच्या पेशींपासून प्रतिकृती बनवल्याची कथा होती. या नटांवर २०२३ मध्ये ‘एंटर द क्लोन्स ऑफ ब्रूस’ हा माहितीपट आला आणि त्यांची बाजू त्यांच्याच तोंडून ऐकायला मिळाली.

ब्रूस लीच्या प्रतिमेची मागणी त्यानंतरही ओसरली नाही. २०१३ मध्ये व्हिस्कीच्या एका जाहिरातीत त्याला संगणकाच्या साह्याने ‘जिवंत’ केले गेले. दारूपासून लांब राहणाऱ्या माणसाला दारूच्या जाहिरातीत आणल्याबद्दल चाहत्यांनी टीका केली. २०१९ मध्ये त्याची मुलगी शॅनन ली हिच्या कंपनीने चीनमधील एका फास्टफूड साखळीवर, बोधचिन्हात वडिलांशी साधर्म्य असलेली आकृती वापरल्याबद्दल दावा दाखल केला. दावा कुटुंब लढत आहे, कारण प्रतिमेला मालक आहे. नक्कल करणाऱ्या नटांच्या मागे असे कुणी नव्हते.

मुलाच्या बाबतीतही तेच घडले?

ब्रूस लीचा मुलगा ब्रँडन ली ‘द क्रो’चे चित्रीकरण करत होता. ३१ मार्च १९९३ रोजी, वयाच्या २८ व्या वर्षी त्याचा मृत्यू झाला. सेटवरच्या बंदुकीच्या नळीत अडकलेला गोळीचा तुकडा सुटून त्याला लागला होता. ‘गेम ऑफ डेथ’च्या कथेत जे लिहिले होते, त्याच्याशी या अपघाताचे साम्य अंगावर काटा आणणारे आहे.

‘द क्रो’ पूर्ण करतानाही डबल लागला. काही शॉटमध्ये त्याच्या शरीरावर संगणकाने ब्रँडनचा चेहरा बसवला गेला. १९७८ चे कागदी कापट आता डिजिटल झाले होते. हा डबल होता चॅड स्टाहेल्स्की. तो डॅन इनोसांटोच्या अकादमीत तयार झालेला, म्हणजे ब्रूस लीच्या सहकाऱ्याचाच शिष्य. पुढे त्याने ‘द मॅट्रिक्स’मध्ये कियानू रीव्ह्जसाठी डबलचे काम केले आणि २०१४ पासून ‘जॉन विक’ मालिकेचा दिग्दर्शक म्हणून नाव कमावले.

दोघांनीही एका ‘ली’चे अपुरे राहिलेले काम पूर्ण केले. एक जण हॉलीवूडचा आघाडीचा दिग्दर्शक झाला, दुसऱ्याने चित्रपटसृष्टीच सोडली. यामागे नशीब आणि वैयक्तिक निर्णयही असणारच. पण स्टाहेल्स्कीला स्टंटच्या क्षेत्रात स्वतःच्या नावाने उभे राहता आले. किमला बाजारात विकले गेले ते ब्रूस लीशी असलेले साम्यच. स्टंट कलाकारांना मान्यता मिळण्यासाठीही बराच काळ जावा लागला. ऑस्करमध्ये स्टंट डिझाइनसाठी स्वतंत्र पुरस्कार देण्याची घोषणा एप्रिल २०२५ मध्ये झाली आणि तो २०२७ मध्ये प्रदर्शित होणाऱ्या चित्रपटांपासून लागू होणार आहे.

एआयने नेमके काय बदलले?

तंत्र समजून घेतले तर मुद्दा सोपा होतो. चेहरा बदलणाऱ्या सॉफ्टवेअरला दोन गोष्टी लागतात. एक म्हणजे ज्याचा चेहरा बसवायचा त्याचे भरपूर फोटो आणि व्हिडीओ. दुसरी म्हणजे ज्याच्यावर बसवायचा त्याचे चित्रण. मान कुठे वळली, उजेड कुठून आला, ओठ किती उघडले हे सगळे दुसऱ्या व्यक्तीकडून घेतले जाते आणि त्यावर पहिल्या व्यक्तीचे रूप चढवले जाते. थोडक्यात, अभिनय एकाचा आणि ओळख दुसऱ्याची.

२०१६ च्या ‘रोग वन’मध्ये १९९४ साली निधन झालेले पीटर कुशिंग दिसले, तेव्हा प्रत्यक्ष काम गाय हेन्री या अभिनेत्याने केले होते. २०१५ च्या ‘फ्युरियस ७’मध्ये दिवंगत पॉल वॉकरच्या जागी त्याचे दोन भाऊ उभे राहिले.

नव्या ‘जनरेटिव्ह’ एआयमध्ये मात्र दुसरी व्यक्ती समोर लागतेच असे नाही. असंख्य व्हिडीओंमधून शिकलेले मॉडेल हालचाल स्वतःच तयार करते. किकही त्याला कुठून तरी शिकावी लागते. त्या चित्रणात स्टारबरोबर डबलही असतात, पण कुणाची किक कुठे वापरली गेली हे सांगता येत नाही. १९७८ मध्ये किमचे नाव लपले होते, तरी त्या दिवशीचे काम आणि त्याचा मोबदला होता. आता कामच दिसेनासे होण्याची भीती आहे.

२०२३ मध्ये हॉलीवूडच्या कलाकारांनी ११८ दिवस संप केला, त्यामागे ही भीती होती. गर्दीतल्या कलाकारांचे शरीर एकदा स्कॅन करून, एका दिवसाचा मोबदला देऊन ते पुन्हा पुन्हा वापरण्याचा निर्मात्यांचा डाव असल्याचा आरोप संघटनेने केला होता. निर्मात्यांनी तो नाकारला. अखेर झालेल्या करारात डिजिटल प्रतिकृतीसाठी संमती आणि मोबदल्याच्या अटी आल्या. सप्टेंबर २०२४ मध्ये कॅलिफोर्नियाने दिवंगत कलाकारांच्या डिजिटल प्रतिकृतीसाठी वारसांची परवानगी बंधनकारक करणारा कायदा केला.

भारतात कायदा काय सांगतो?

आपल्याकडे ‘व्यक्तिमत्त्व हक्का’साठी स्वतंत्र कायदा नाही. न्यायालयांच्या आदेशांतूनच तो आकाराला येत आहे. अनिल कपूर यांना २०२३ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने संरक्षण दिले. मुंबई उच्च न्यायालयाने २०२४ मध्ये अरिजित सिंह आणि २०२५ मध्ये आशा भोसले यांच्या आवाजाची एआय नक्कल करण्यास मनाई केली.

पण हे सगळे हयात असताना न्यायालयात गेलेले कलाकार. दिवंगतांचे काय? अभिनेता सुशांत सिंह राजपूतच्या वडिलांच्या प्रकरणात दिल्ली उच्च न्यायालयाने जुलै २०२३ मध्ये म्हटले, की खासगीपणाचा आणि व्यक्तिमत्त्वाचा हक्क व्यक्तीबरोबरच संपतो, तो वारसांकडे जात नाही. त्यामुळे आज बरेचसे निर्मात्यांच्या सद्‍बुद्धीवर अवलंबून आहे. ए. आर. रहमान यांनी २०२४ मध्ये ‘लाल सलाम’साठी दोन दिवंगत गायकांचे आवाज एआयने वापरले, तेव्हा कुटुंबांची परवानगी घेतली आणि मोबदलाही दिला. ऑगस्ट २०२५ मध्ये मात्र ‘रांझणा’च्या तमिळ आवृत्तीचा शेवट निर्मिती कंपनीने एआयने बदलला. दिग्दर्शक आनंद एल. राय आणि अभिनेता धनुष यांनी आक्षेप घेऊनही चित्रपट लागला.

मग डबलचे हक्क कुठे?

कळीचा मुद्दा इथेच आहे. भारतीय कॉपीराइट कायद्यात ‘परफॉर्मर’ म्हणजे सादरकर्त्या कलाकाराला ५० वर्षांपर्यंत काही हक्क आहेत. २०१२ च्या दुरुस्तीने त्यात भर पडली. पण त्याच दुरुस्तीत एक अपवादही आला. चित्रपटात ज्याचे काम प्रासंगिक स्वरूपाचे आहे आणि उद्योगाच्या रिवाजानुसार ज्याचे नाव श्रेयनामावलीतही येत नाही, तो कायद्याच्या दृष्टीने ‘परफॉर्मर’ ठरत नाही. आपले काम विकृत केले गेल्यास दाद मागण्यापुरताच हक्क त्याच्याकडे उरतो.

याचा सरळ अर्थ असा, की श्रेयनामावलीतले नाव ही केवळ मानाची गोष्ट नाही. हक्क आहे की नाही, हे त्यावरही ठरू शकते. मुंबईच्या चित्रनगरीत रोजंदारीवर उडी मारणाऱ्या, काचेतून कोसळणाऱ्या डबलचे चित्रण उद्या एआयला शिकवण्यासाठी वापरले गेले, तर तो कोणत्या आधारावर दाद मागणार, याचे स्पष्ट उत्तर आज कायद्यात नाही.

पुढे काय?

दिवंगत कलाकाराच्या वारसांना हक्क द्यावेत का, किती वर्षे द्यावेत, यावर कायदा होईल तेव्हा होईल. तोवर करारपत्रात तीन गोष्टी लिहून घेणे कलाकार संघटनांच्या हाती आहे : शरीराचे स्कॅन किंवा चित्रण आणखी कुठे वापरणार, त्याचे वेगळे पैसे किती आणि श्रेयनामावलीत नाव कुठे येणार. स्टारचे वकील हे मुद्दे पाहतातच. गरज आहे ती डबल, स्टंटमन आणि गर्दीतल्या कलाकारांना.

‘गेम ऑफ डेथ’ आजही ब्रूस लीचा चित्रपट म्हणूनच ओळखला जातो. त्याने सोडलेले मूळ चित्रण बऱ्याच वर्षांनी सापडले आणि २००० मध्ये एका माहितीपटातून लोकांसमोर आले. त्यामुळे ब्रूस लीच्या मनात कोणता चित्रपट होता, याचा अंदाज आता येतो. प्रत्यक्षात लागलेला चित्रपट मात्र बऱ्याच अंशी गॉगल लावून, पाठमोरे उभे राहून काम केलेल्या किमचा होता. पुढच्या वेळी तो पाहाल, तेव्हा पिवळ्या जंपसूटच्या आधीच्या दृश्यांतला गॉगलवाला माणूस जरा नीट पाहा. त्याचे नाव किम ताई-चुंग.